लिंकनशर की स्कॉटलंड

बाबांनी ब्रिटिश सैन्यात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आणि त्या बावीस वर्षांत आमच्या मालकीचं एक दारसुद्धा नव्हतं. आम्हाला क्वार्टर मिळायचं. जर्मनीत असो, यॉर्कशरमध्ये असो की विल्टशरमध्ये, आत शिरलं की भिंतींना तोच सायीसारखा फिका रंग, तेच पडदे, जिन्याखाली तेच कपाट. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रंग बदलायचा नाही आणि सोडताना घर जसं मिळालं तसं परत करायचं. त्या परत करण्याला ‘मार्च आउट’ म्हणत. हातात क्लिपबोर्ड घेतलेला एक माणूस यायचा, ओव्हनमध्ये टॉर्च मारायचा, नळाच्या मागे बोट फिरवून बघायचा. त्या बोटाच्या धास्तीने आईने आयुष्यभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून स्वयंपाक केला. हळदीचा डाग पडला की ती आधी ‘अगं बाई’ म्हणायची, मग लिंबू शोधायची. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायचा, म्हणून बाबांनी त्याला शॉवर कॅप घालायची युक्ती काढली होती. फोडणी झाली की स्टुलावर चढून ती काढायचं काम माझं. बर्मिंगहॅमच्या माझ्या फ्लॅटमध्ये आता चांगला एक्झॉस्ट फॅन आहे, तरी मोहरी तडतडली की माझी नजर आपोआप छताकडे जाते.

विल्टशरचं क्वार्टर हे आमचं शेवटचं. मागच्या टेकडीपलीकडे तोफांचा सराव चालायचा आणि आमच्या खिडक्यांच्या काचा दिवसभर थरथरायच्या. पाहुणे दचकायचे. लंडनजवळच्या स्लाऊहून आजी-आजोबा आले की आजी दर धमाक्याला पदर सावरायची. आजोबा मात्र तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात उभा जन्म काढलेले, त्यांना आवाजाचं काही वाटायचं नाही. आम्हाला तर सवयच झाली होती. रेवा त्या आवाजावर हसायची आणि खिडकीच्या काचेला गाल लावून बसायची.

रेवा माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला सगळं समजायचं, पण शब्द तोंडातून रांगेत बाहेर पडायचे नाहीत. कुठे अडतंय हे डॉक्टरांनाही नीट सांगता येईना. चार वर्षांची होईपर्यंत ती ‘आई’ आणि ‘नको’ एवढंच म्हणायची. दर बदलीला आईची नोकरी सुटायची, कधी वृद्धाश्रमातली, कधी सुपरमार्केटमधली, आणि तिने कधी तक्रार केली नाही. पण दर बदलीला थेरपीच्या यादीत रेवाचा नंबर पुन्हा तळाला जायचा, ते मात्र तिला सहन व्हायचं नाही. फॉर्म भरून, पत्रं लिहून, ऑफिसांमध्ये ताटकळत बसून शेवटी तिने कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, एक कागद मिळवला. त्याला ‘स्टेटमेंट’ म्हणायचे. या मुलीच्या शेजारी वर्गात रोज एक मदतनीस बसेल, आठवड्याला स्पीच थेरपी मिळेल, आणि हे देणं कौन्सिलला बंधनकारक आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. आई तो कागद पासपोर्टांबरोबर ठेवायची. मग रेवाच्या वर्गात मदतनीस म्हणून मिसेस हॅलम आल्या, चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी रेवा जेवायला बसली आणि म्हणाली, ‘मला पोळी हवी.’ तीन शब्द, ओळीने. आईने तव्यावरची पोळी जळू दिली.

त्याच हिवाळ्यात बाबांची मुदत भरत आली. उन्हाळ्यापर्यंत क्वार्टर सोडायचं होतं आणि जायचं कुठे हे ठरत नव्हतं. बाबा दहा वर्षांचे असल्यापासून स्लाऊमध्ये वाढलेले, सगळे नातेवाईक तिथेच, पण स्लाऊमध्ये घर घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. विल्टशरच्या जवळ पडणाऱ्या बेसिंगस्टोकलाही तेच. आमच्यासारखी सैन्यातून बाहेर पडणारी कुटुंबं तेव्हा जिथे घर परवडेल तिथे जायची आणि चहाच्या कपावर सगळीकडे त्याच गप्पा असायच्या. बाबांच्या आधी बाहेर पडलेल्या मित्रांनी दोन नावं सुचवली. एक लिंकनशर, सपाट, कोबीच्या शेतांचं, इंग्लंडमध्येच. दुसरं स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक छोटं गाव, जिथल्या कोळशाच्या खाणी कधीच बंद पडल्या होत्या आणि त्यामुळे घरं स्वस्त होती.

बाबा कसलाही निर्णय सरळ घ्यायचे नाहीत. आधी नकाशा, मग ऑर्डर्स. डायनिंग टेबलावर त्यांनी साऱ्या ब्रिटनचा नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार मसाल्याचे डबे ठेवले आणि कामं वाटली. लिंकनशरची माहिती आईने काढायची, स्कॉटलंडची मी. घर, शाळा, डॉक्टर, नोकऱ्या आणि कोथिंबीर कुठे मिळते, सगळं. ते स्वतः आठवडाभर दूरच्या गावी प्लंबिंगचा कोर्स करत होते, फक्त शनिवार-रविवारी घरी यायचे. एका महिन्यानंतरच्या रविवारी दोघींनी आपापली बाजू मांडायची आणि मग निकाल. आई म्हणाली, “अहो, हे घर आहे की कोर्ट?” पण हसली आणि कामाला लागली.

मी सोळा वर्षांची होते आणि मला जिंकायचं होतं. हे आधी सांगते, कारण नंतर मी स्वतःला बरीच मोठी कारणं देऊन पाहिली. स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांना विद्यापीठाची फी नसते हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि ते कारण खरं होतं, घराच्या भल्याचंही होतं. पण खरं सांगायचं तर मला ती प्रेझेंटेशनची गोष्टच चढली होती. मी शाळेच्या लायब्ररीतून रंगीत प्रिंट काढले, समुद्राचे फोटो चिकटवले. आई एका जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने काहीतरी लिहीत असायची. तिच्याकडे बघून मला तिची दया यायची, आणि मनातून बरंही वाटायचं.

आमच्या घरात बाहेरचे फोन मी करायचे. गॅसवाले, दवाखाना, शाळा, सगळे. आईचं इंग्रजी समोरासमोर व्यवस्थित चालायचं, पण फोनवर ती गडबडायची, आणि स्कॉटिश उच्चार ऐकले की सरळ रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. स्लाऊमध्ये माझ्या सगळ्या आत्या-काकांच्या घरी हेच चालायचं. दहा-बारा वर्षांची मुलं आईच्या आवाजात बँकेशी बोलायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. त्यामुळे स्कॉटलंडच्या त्या गावच्या कौन्सिलला फोनही मीच केला. मार्च महिन्यातली दुपार होती, आई कामावर गेलेली, काचा थरथरत होत्या.

फोनवरची बाई फार भली होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. इंग्लंडचा तो कागद स्कॉटलंडमध्ये लागू होत नाही. कायदा वेगळा आहे. रेवाला मदत मिळू शकेल, पण तपासणी पहिल्यापासून होईल आणि त्याला वेळ लागतो. मात्र डॉक्टरांचे आणि शाळेचे रिपोर्ट आम्ही आत्ताच पाठवले, तर शाळा सुरू होण्याआधी काहीतरी हालचाल करता येईल. तिने फॅक्स नंबर दिला. मी तो लिहून घेतला. तिचे आभार मानले. फोन ठेवल्यावर मी त्या नंबराकडे बराच वेळ बघत बसले. रिपोर्ट पाठवायचे म्हणजे ते आईकडे मागायचे, मागायचे म्हणजे का ते सांगायचं, आणि सांगितलं की स्कॉटलंड तिथेच संपलं. मी तो कागद घडी करून भूगोलाच्या वहीत ठेवला. उद्या बघू, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवारी जेवणं झाल्यावर बाबा टेबलाच्या टोकाला बसले. आईने पाकीट हातात धरून दोन मिनिटांत आटोपलं. घर लहान आहे, काम मिळेल, स्लाऊ तीन तासांवर आहे. मग तिने पाकीट खाली ठेवलं आणि म्हणाली, “आणि रेवाचा कागद तिथे चालतो. मला दुसरं काही नकोय.” त्यानंतर मी उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले. समुद्र, फी, मोठी बाग, बाबांसाठी प्लंबिंगची कामं. बाबा मान डोलावत होते, त्यांचे डोळे चमकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, रेवाचं तिथे काय? मी म्हणाले, तिथेही मदत मिळते, मी कौन्सिलला फोन करून विचारलंय. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आई माझ्याकडे बघत होती. “तू नीट विचारलंस ना गं?” ती म्हणाली.

मी म्हणाले, “हो.”

तिने फक्त एवढंच विचारलं आणि माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला. रेवा तेव्हा टेबलाखाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडत होती.

मार्च आउटचा दिवस मला आजही जसाच्या तसा आठवतो. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेलेला, रिकाम्या घरात आमचे आवाज घुमत होते. आई सकाळपासून ओव्हन घासत होती. शेजारच्या, फिजी बेटांवरून आलेल्या बाई मदतीला आल्या होत्या, त्यांनी जिन्याच्या पायऱ्या पुसल्या आणि जाताना रेवाला मिठीत घेऊन रडल्या. क्लिपबोर्डवाला आला, त्याने सगळीकडे टॉर्च मारला, आणि सगळं पास केलं. हळदीचा एक डाग मात्र गॅसच्या शेजारी राहिला होता, त्यावर आई क्लिपबोर्डवाला जाईपर्यंत हात ठेवून उभी होती. गाडीत बसल्यावर तिने ते बाबांना सांगितलं तेव्हा बाबा इतके हसले की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसले. आम्ही उत्तरेकडे, स्कॉटलंडला निघालो आणि मला वाटलं, सगळं ठीक होईल, मी उगाच घाबरतेय.

नवीन घर आमचं होतं. बाबांनी पहिल्या दिवशी गरज नसताना दिवाणखान्यात चार खिळे ठोकले. आईने ओट्यावरचं वर्तमानपत्र काढून टाकलं. तिथल्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात हेडमास्तरीणबाईंनी आई-बाबांना बोलावलं आणि रेवाला घेऊन मीही बरोबर गेले, आईला उच्चार समजायला सोपं जावं म्हणून. आईने पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो बघितला, फाइल उघडली आणि जरा गोंधळून म्हणाल्या की हा इथे लागू होत नाही. मग फाइलमधली नोंद वाचून म्हणाल्या, मार्चमध्ये तुमच्या घरून कुणाचा तरी कौन्सिलला फोन आला होता, त्यांना हे सगळं सांगितलं होतं, रिपोर्ट पाठवा असंही कळवलं होतं. ते आलेच नाहीत. आता तपासणीला वेळ लागेल.

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या त्या कागदाकडे बघायला लागले. तेवढ्यात आई बोलली. ती इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, “माझ्या मुलीने मला सांगितलं होतं. रिपोर्ट मी पाठवायचे होते. मी विसरले. माझी चूक.”

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. घरी येईपर्यंत बाबा तिच्यावर ओरडत होते, दोन वर्षं ज्या कागदासाठी मरमर केलीस तोच विसरलीस म्हणून. ती मागच्या सीटवर रेवाचा हात धरून खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या सीटवर मी होते. गाडीत बोलायला मला पूर्ण पंचवीस मिनिटं मिळाली होती.

त्या वर्षाबद्दल लिहायला मला अजूनही जड जातं. रेवाच्या वर्गात अठ्ठावीस मुलं होती आणि तिच्या शेजारी कुणी नव्हतं. शिक्षिका चांगली होती, पण तिला दोनच हात. मी माझी शाळा सुटली की रेवाला आणायला जायचे. कॉरिडॉरमध्ये मुलांचे कोट टांगायच्या खुंट्या होत्या, आणि रेवा बऱ्याचदा त्या कोटांच्या खाली बाकावर बसलेली सापडायची, कुणाचा तरी कोट डोक्यावरून ओढून. ऑक्टोबरपर्यंत तिची वाक्यं गेली. डिसेंबरमध्ये ‘पोळी’ गेला. घरात फक्त ‘नको’ उरला, अंघोळीला नको, जेवणाला नको, मला नको. आई संध्याकाळी जमिनीवर बसून घरी बनवलेली चित्रांची कार्डं तिच्यापुढे मांडायची आणि रेवा ती एकेक करून उलटी ठेवायची. पुढच्या वसंतात तपासणी झाली, आणि ऑगस्टमध्ये पुढच्या वर्गात मदतनीस मिळाली. शब्द परत आले, पण वेगळ्या चालीने. आजही रेवा बोलताना दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेते, पुढच्या शब्दाची खात्री करून घेते. त्या वर्षामुळे असं झालं का, हे मी तिच्या डॉक्टरांना विचारलं आहे. असं कुणीच सांगू शकत नाही, असं ते म्हणाले. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असल्या प्रश्नांना हेच उत्तर देते, आणि समोरच्या माणसाला ते किती अपुरं वाटतं हे मला माहीत आहे.

हो, फी न भरता शिकले. प्रेझेंटेशनमधलं ते पान शंभर टक्के खरं निघालं.

आईशी मी त्यावर कधी बोलले नाही आणि तीही बोलली नाही. बाबांच्या तोंडी मात्र तो किस्सा बसला. कोणी पाहुणे आले, कुठे किल्ली हरवली, दूध उतू गेलं, की बाबा म्हणायचे, “हिच्या भरवशावर राहू नका, ही स्कॉटलंडला रिपोर्ट पाठवायला विसरली होती.” आधी त्यात राग होता, मग तो जुना होऊन थट्टा झाली. आई प्रत्येक वेळी पदराला हात पुसायची आणि ज्याच्या ताटात जे कमी असेल ते वाढायची. मी त्या टेबलाशी ते ऐकत किती वेळा बसले असेन, मोजलेलं नाही.

गेल्या वर्षी ईस्टरला मी घरी गेले होते. आता रेवा मोठी झाली आहे, गावाबाहेरच्या नर्सरीत रोपांचं काम करते, आई-बाबांबरोबर राहते. दुपारी जेवताना बाबांना फोन आला. त्यांच्या जुन्या युनिटमधल्या कुणाचा तरी मुलगा सैन्यातून बाहेर पडत होता, दोन लहान मुलं, आणि तोच प्रश्न, लिंकनशर की स्कॉटलंड. बाबांना असले फोन फार आवडतात. त्यांनी अर्धा तास घरं, हवा, नोकऱ्या, शाळा असं सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, एक लक्षात ठेव, शाळांना फोन स्वतः कर, बायकोवर सोडू नकोस, माझ्या बायकोने काय केलं ते सांगतो. आणि त्या अनोळखी मुलाला त्यांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. आई आमटी वाढत होती. तिचे केस सगळे पांढरे झालेत.

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हणाले, “बाबा, आई विसरली नव्हती. मी तिला काही सांगितलंच नव्हतं. मला मार्चमध्येच सगळं माहीत होतं.”

बाबांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्याकडे न बघता आईकडे बघू लागले. त्यांनी विचारलं, तुला हे ठाऊक होतं? आई म्हणाली, त्या ऑफिसात बसल्या बसल्या कळलं. “मग इतकी वर्षं ऐकून का घेतलंस?” बाबांचा आवाज चिरकला होता.

“तुम्ही मला बोललात तर माझं काय बिघडणार होतं?” आई म्हणाली. “ती सोळा वर्षांची होती. तिला ते झेपलं नसतं.”

मग मला रडू आलं. मी आईचा हात धरला आणि सॉरी म्हणाले, पुन्हा पुन्हा म्हणाले. बाबा उठून आईच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि तेही काहीतरी पुटपुटत होते, माफी मागत होते. आई आम्हा दोघांनाही गप्प करत होती, होऊन गेलं, सोडा आता, म्हणत होती. आम्ही तिघं एकमेकांना समजावण्यात असे गुंतलो होतो की रेवाने चमचा खाली ठेवल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

“ताई,” ती म्हणाली. मग थांबली. आम्ही तिच्याकडे बघेपर्यंत ती थांबून राहिली.

“सॉरी आईला नको. ते इयर माझं होतं. मला म्हण.”

मी टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. मी म्हणाले. मराठीत म्हणाले, मग इंग्रजीत म्हणाले, मग नुसती तिचे गुडघे धरून बसले. आमच्या घरात कुणी सॉरी म्हटलं की समोरचा लगेच ‘इट्स ओके’ म्हणतो, तशी आम्हाला सवयच आहे. आई तिच्याकडे आशेने बघत होती. रेवाने श्वास घेतला, बराच वेळ माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “ऐकलं.” मग तिने चमचा उचलला आणि जेवायला लागली.